चौथा कोपरा

खोरोग, ९ ऑक्टोबर

सवसन,

लाल लोकरीच्या बारा गुंड्या. रंगारी हाजी सत्तोरनं पावतीवर लिहिले तेवढे सोमोनी मी मोजून दिले, पण ती काही खरी किंमत नव्हे. खरी किंमत अशी: चोरशंबे ड्रायव्हरच्या जीपमध्ये मागच्या बाकावर जाताना सोळा तास, येताना एकोणीस. येताना शेजारच्या बाईचं करडू माझ्या मांडीवर, आणि करडाला गाडी लागते. वर तुझ्या आईशी एक खोटं. दाढ दुखते, दुशान्बेला जाऊन काढून येतो, असं सांगून मी निघालो होतो. दाढ जशी नेली तशी परत आणली. पोतं दाराआड ठेवलं, तर तुझ्या आईनं हात घातला, एक गुंडी नाकाशी नेली आणि म्हणाली, "दाढेला हल्ली लाल रंग देतात वाटतं."

अक्षर तू ओळखलं असशील. आईचा फोन मी हातात घेतला की तू ठेवतेस. सहा वर्षं झाली, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस पहिली ओळ तरी वाचतोच. म्हणून पहिल्या ओळीत लोकर टाकली. लोकरवाल्याची मुलगी आहेस, बारा गुंड्या कशाला आणल्या हे कळल्याशिवाय तुझा हात फाडायला उठणार नाही.

तर कशाला ते सांगतो. एप्रिलमध्ये तू आई होणार, हे मला भिंतीआडून कळलं. आई नवरूझचा सण झाला की तुझ्याकडे रशियात, समाराला येणार, हेही तसंच कळलं. ती रिकाम्या हातानं येऊ नये. नमुन्यांचं पांघरूण तिच्याबरोबर यावं. लाल-पांढरं, चार ओळी, ओळीत सहा चौकोन, दर चौकोनात एका गावचा नमुना. तसं एक तुझ्यासाठी या घरात होतं. ते आता का नाही हे तुला ठाऊक आहे आणि मलाही, त्यावर कागद खर्च करत नाही.

आईचे डोळे उन्हाळ्यापासून खिडकी आणि भिंत एवढाच फरक दाखवतात. डॉक्टर म्हणाला काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही. तिनं सुया गुंडाळून पेटीत टाकल्या आणि "मला दिसत नाही आता" एवढंच बोलली. म्हणून हे पांघरूण मी विणणार आहे.

हसून झालं की पुढे वाच. मागच्या वर्षी सुक्या जर्दाळूंचं खोकं पाठवलं होतं, ते तू दोरीही न सोडता परत पाठवलंस. पांघरुणाचंही तसंच होईल का, एवढंच मला कळायला हवं आहे. उत्तर आत्ता देऊ नकोस. अजून एक टाकाही पडलेला नाही.

तुझा बाप,
अकनझर


खोरोग, ३० ऑक्टोबर

सवसन,

मागचं पत्र परत आलं नाही. चोरशंबे म्हणतो, पत्रं परत यायला वेळ लागतो. त्याला बोलायला कोणी सांगितलं होतं?

टाके घालायला शेजारच्या लोलाबेगिमनं शिकवलं. तुला जिच्या छतावरची तुती चोरून खायची सवय होती ती हीच, अजून तशीच तोंडाळ. पहिल्या दिवशी माझ्या हातात सायकलच्या तारांच्या सुया देऊन म्हणाली, "अकनझर, लोकर विकणं आणि विणणं यात किती अंतर आहे सांगू? गाय विकणं आणि दूध काढणं यात असतं तेवढं." मी म्हटलं, गाय विकणाऱ्याला लाथ बसत नाही. ती म्हणाली, आता बसेल.

बसली. दोन दिवस बोटांना वळ होते. बाजारात बातमी गेली तेव्हा बायका मुद्दाम गाळ्यासमोरून जाऊ लागल्या. एकीनं विचारलं, काका, हुंडा गोळा करताय का, नवरा बघू का एखादा? मी तिला अर्धा किलो लोकर जास्त भावानं विकली. अपमानाचे पैसे वसूल केलेच पाहिजेत.

पण बायकांना एक गोष्ट माहीत नाही. नमुने मी निरखून पाहिले नाहीत कधी, पण ऐकले आहेत. एकतीस वर्षं गाळ्यावर बसलो, घरी तुझी आई शेजारी विणत बसायची. विणणारी बाई ओठांतल्या ओठांत मोजते. आपण मोजतो हे तिला कळत नाही, ऐकणाऱ्याला कळतं. मेंढ्याचं शिंग म्हणजे तीन लाल, एक पांढरा, दोन लाल, पाच पांढरे, आणि परत उलटं. कोंबडीचा पाय यापेक्षा भरभर चालतो. सुनेची भुवई अडखळते, मग धावते. हे सगळं माझ्या कानात पडून होतं, धान्याच्या कोठीत तळाला दाणे राहतात तसं. मी खांबाला टेकून बसतो, मोठ्यानं मोजतो आणि विणतो. आई समोर हात मांडीवर ठेवून ऐकते. चुकलो की बोट उचलते. काल मेंढ्याच्या शिंगात दर ओळीला एक टाका कमी पडत होता. चार वेळा उसवलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही त्या जागी थांबता तो टाका नाही. तिथं मी श्वास घेत होते."

एक सांगून ठेवतो, नंतर कोणी शंका काढायला नको. या घरात माझ्या कानाआड काही होत नाही, आणि लाल रंग मला फसवू शकत नाही. बाजाराच्या त्या टोकाला बाई चालली असेल तर तिच्या शालीची लोकर कोणत्या हंड्यात रंगली ते मी इथून सांगतो. हा हाजीचा लाल तर मी झोपेतही ओळखेन.

बसवत मात्र नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, अंगणात जातो, नदीकडे बघतो, परत येतो, सुई कुठे ठेवली ते विसरतो. आई म्हणते, घरात अस्वल बांधल्यासारखं वाटतं.

अकनझर


खोरोग, २४ नोव्हेंबर

सवसन,

सात चौकोन झाले. प्रत्येक झाला की आई बोटं फिरवते आणि पेटीत टाकते. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर असताना लोलाबेगिम तो धुऊन, ताणून वाळवते. विणून निघताना माझा चौकोन सुक्या जर्दाळूसारखा कडा वळवून बसलेला असतो. परवा पेटी उघडी होती म्हणून डोकावलो, तर सगळे पाटासारखे सपाट, टाके एकासारखा एक. लोलाबेगिम म्हणाली, धुतलं की लोकर शहाणी होते. असेल. मला वाटतं माझा हातही बसला आहे. बाजारात आता हसणं कमी झालं आहे.

त्याच लोलाबेगिमनं मला मोजे दिले, गुडघ्यापर्यंत येणारे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे. गाळ्यावर पाय गारठतात म्हणे. मी हातात घेताच सांगितलं, ही लोकर ताजी नाही, उसवलेली आहे, अजून तिच्या लाटा गेल्या नाहीत. आणि हा लाल विटकरीकडे झुकतो. कोणाचं तरी जुनं जाकीट असणार. ती तोंडाला ओढणी लावून निघून गेली. मला वाईट वाटलं, गरिबाघरची वस्तू अशी पारखू नये. मोजे ऊबदार आहेत, रोज घालतो.

आता ती गोष्ट. पहिल्या पत्रात मी लिहिलं, पांघरूण आता नाही. सुई हातात घेतल्यापासून ते वाक्य मला टोचतं आहे. नाही असं काही आपोआप होत नाही. मी विकलं.

तुझ्या लग्नाला नऊ दिवस होते. वरचा रस्ता दरडीनं बंद, माल येत नव्हता, गाळ्याचं भाडं थकलं होतं. मोठी जीप घेऊन आलेलं ते परदेशी जोडपं आपल्याकडे चहाला बसलं आणि बाईचा हात त्या पांघरुणावरून निघेना. घरात पैसा नव्हता, सवसन. तेव्हा कोणाही बापानं हेच केलं असतं.

हे लिहिलं आणि उठून बाहेर जाऊन आलो. पत्र आजच जाऊ दे, उद्या मी हे पान काढून घेईन.

अकनझर


खोरोग, १९ डिसेंबर

सवसन,

हाजी सत्तोर चोर आहे.

हिशोब साधा आहे. एका चौकोनाला अर्धी गुंडी लाल लागते, पांढरी घरच्या मेंढ्यांची, तिचा प्रश्न नाही. नऊ चौकोन झाले, साडेचार गुंड्या जायला हव्यात. नऊ गेल्या. बरोबर दुप्पट. आयुष्यभर लोकर तोलली मी, मला हे कळत नाही असं होईल का? उंदीर म्हणावा तर उंदीर एवढा नीट अर्धा वाटा खात नाही. म्हणजे गुंडीच अर्ध्या वजनाची. मी उरलेल्या तीन तागडीत टाकल्या, तर त्या भरल्या पुऱ्या. हाजी एवढा हुशार की वरच्या गुंड्या हलक्या ठेवल्या आणि तळाशी खऱ्या.

फोन केला. बाजारात उभा राहून केला, चार लोक ऐकत होते. मी म्हटलं, हाजी, मक्केला जाऊन आलास तेव्हा तागडी तिथंच धुवायला टाकलीस का?  तो म्हणाला, अकनझर, त्या हंड्यातल्या बारा गुंड्या माझ्याकडे शिल्लक आहेत. तोच लाल जगात आणखी कोणाकडे नाही. ज्या चार लोकांसमोर हे बोललास त्यांच्यासमोर मागे घे, मग पाठवतो.

मी फोन ठेवला.

त्यानंतर तीन दिवस खोरोगचा बाजार पालथा घातला. लाल आहे तो सगळा कारखान्याचा, प्लास्टिकचा, विस्तवाजवळ नेला तर टपकतो. लोकरीचा एक सापडला, चार गुंड्या, पण तो डाळिंबाचा लाल, आपला चेरीचा. शेजारी ठेवले की एक दुसऱ्याला खोटं पाडतो. पूर्ण पंधरा चौकोन बाकी आहेत आणि लोकर सहा चौकोनांची. सहाची म्हणतो, हाजीच्या हिशोबानं तीनचीच.

आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ चहात भाकर बुडवत बसली. मग म्हणाली, "हाजीला चोर म्हणू नका. म्हणायचं तर लोकरीला म्हणा." असल्या बोलण्याचा काय उपयोग?

घरात पाऊल ठरत नाही. विणायला बसलो की लोकर संपेल म्हणून हात आखडतो, नाही बसलो तर एप्रिल दिसतो. तुझा फोन काल आला. आई दार लावून बोलली. तू हसलीस तेवढं ऐकू आलं.

अकनझर


खोरोग, २३ जानेवारी

सवसन,

काल मी हाजी सत्तोरची माफी मागितली.

लोकर संपली तेव्हा चौकोन झाले होते बारा. पंधरा दिवस सुया नुसत्या पडून होत्या आणि मी वाट बघत होतो की हाजीलाच लाज वाटेल. आई एकदाही जा म्हणाली नाही. ती रोज सकाळी पेटीतले चौकोन काढायची, मोजायची, परत ठेवायची. ते ऐकवत नव्हतं मला. काल बाजारात गेलो, त्याच चौघांना हाक मारली, दोघं आले, तेवढ्यांवर भागवलं. फोन लावून म्हटलं, हाजी, तुझी तागडी खरी आहे, माझी जीभ खोटी. मनातून मी त्याला अजून चोरच म्हणत होतो. पण तोंडानं म्हटलं. हाजी म्हणाला, बस झालं, रस्ता उघडला की पाठवतो.

तोंडानं म्हणायला एवढंच लागतं. हे कळल्यावर घरी येऊन कागद घेतला.

नोव्हेंबरात तुला लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. रस्ता बंद होता खरा, पण तो तिसऱ्या दिवशी उघडला. भाडं थकलं होतं, पण जुन्या गाळ्याचा मालक थांबायला तयार होता. मला पैसे हवे होते कोपऱ्यावरच्या गाळ्यासाठी. दोन्हीकडून गिऱ्हाईक येतं तो. मीच त्या बाईला म्हटलं, घरात पडूनच असतं हे, घ्या. तुझ्या लग्नाचं आहे हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं घेतलं नसतं, चेहऱ्यावरून कळत होतं. तिच्या नवऱ्यानं उलगडून पाहिलं, चौथा कोपरा मोकळा होता, एक चौकोन विणायचा राहिलेला. त्या उणिवेपायी त्यानं भाव पाडून मागितला आणि मी पाडून दिला.

आणि हे कोणालाच माहीत नाही, आईलाही नाही. ती दोघं लगेच गेली नाहीत. आपल्यापासून दोन गल्ल्यांवर अकरा दिवस राहिली होती. तुझं लग्न झालं तेव्हा पांघरूण दोन गल्ल्यांवर होतं. तू रडत होतीस, आई बोलायची बंद झाली होती आणि पैसे माझ्या खिशात तसेच होते. पाचव्या दिवशी मी त्या घराच्या फाटकापर्यंत गेलो. पांघरूण दोरीवर उन्हात टाकलं होतं. हात लांबवला असता तर पोचला असता. मी उभा राहिलो, मग वळलो आणि कोपऱ्यावरच्या गाळ्याच्या मालकाकडे जाऊन विसार दिला.

तो गाळा चांगला चालतो. एवढंच त्याबद्दल सांगता येतं.

हाजीला म्हटलं तसं तुला म्हणायचं आहे, पण चार माणसं कुठून आणू? हे पत्र जावयाला वाचून दाखव. त्याच्या आईलाही दाखव. माझं चुकलं.

अकनझर


खोरोग, १० मार्च

सवसन,

झालं.

हाजीच्या गुंड्या बारा आल्या, त्याही दुप्पट वेगानं गेल्या. शेवटच्या चौकोनांना तर एकेक धागा मोजून वापरला. लोलाबेगिमनं सगळे चौकोन जोडले आणि काल संध्याकाळच्या उजेडात घरभर पसरलं.  सवसन, ते पांघरूण मी विणलं आहे. तुतीचं पान बघ, मेंढ्याचं शिंग बघ, एक टाका वर नाही, एक खाली नाही. बाजारातल्या बायका बघायला आल्या, ज्यांनी मला नवरा शोधायचं ठरवलं होतं त्याही. कोणी बोलली नाही. एकमेकींकडे बघत राहिल्या. बाजारात कोण्या बाईला मी असं गप्प केलेलं नाही आजवर.

नमुने तेवीसच होते. चौथा कोपरा याही खेपेला मोकळा राहिला. आईला विचारलं तर म्हणाली, तेवीसच असतात. मी म्हटलं, एकदा त्या कोपऱ्यापायी भाव पडला, आता माझ्या हातून उणीव जाणार नाही. परवा ती लोलाबेगिमकडे गेली होती तेव्हा बसून मी माझाच नमुना काढला. मोजणी कोणाची ऐकलेली नाही, माझी स्वतःची: तागडी, दोन पारडी, मध्ये काटा. घाईत विणला, जरा घट्ट झाला आहे, पण तागडी ओळखू येते. लोलाबेगिमला म्हटलं, जोड. ती जोडेना. मीच जोडला.

रात्री आई पांघरुणाशी बसली. तिनं एक कोपरा हातात घेतला, मग दुसरा, तिसरा. चौथ्याला हात लागला तशी थांबली.

"हा कोणी भरला?"

मी म्हटलं, मी. आता पुरं आहे, कोणी नाव ठेवणार नाही.

ती म्हणाली, "पुरं करून देतात का कधी? चौथा कोपरा मुलीचा असतो. सासरी रुळली की तिथला नमुना ती तिथं विणते. माझ्या आईनं माझा मोकळा दिला होता. तो मी या घरात येऊन तीन वर्षांनी विणला, तुमच्या आईनं शिकवलेला. ते विरेपर्यंत तुम्ही त्याच्याखाली तीस वर्षं झोपलात."

एकतीस वर्षं बायकांच्या तोंडून मोजणी ऐकली मी. कोपऱ्याबद्दल कोणी मोठ्यानं बोललं नसणार. नाहीतर ते माझ्या कामाचं नाही म्हणून मी ऐकलं नसेल. मी विकलेल्या पांघरुणाचा कोपरा राहिलेला नव्हता, तो तुझा होता. त्या उणिवेपायी मी भाव पाडला.

कात्री घेऊन उसवायला बसलो. आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या. तो आता तुमचाही नाही, माझाही नाही. जिचा आहे ती बघेल."

म्हणजे आता तुझ्याकडे पांघरूण येतं आहे आणि त्यात तुझ्या जागेवर मी बसलो आहे. असं करायचं मनात नव्हतं. उसवायचं असलं तर खालच्या डाव्या टोकापासून ओढ, एका ओढीत येईल, मी गाठ मारलेली नाही.

अकनझर


खोरोग, २९ मार्च

सवसन,

आई काल तुझ्याकडे निघाली. चोरशंबेच्या जीपमध्ये पुढच्या बाकावर बसवली, लोलाबेगिमचा मुलगा समारापर्यंत बरोबर आहे. पांघरूण तिनं मांडीवरच ठेवलं, टपावर टाकू दिलं नाही. जीप सुरू झाली तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या तोंडावर फिरवला आणि म्हणाली, दाढ काढून घ्या.

घरात मी एकटा. सवयीनं खांबाला टेकतो, सुया घेतो, विणायला काही नाही. तरी मोजतो. समोर बोट उचलायला कोणी नाही, तर चुकलो की नाही ते कळत नाही. चारदा अंगणात गेलो. फोन भरून ठेवला आहे, तो वाजत नाही, मग मी तो बंद पडला का बघायला चोरशंबेच्या बायकोला फोन करतो. ती आता उचलत नाही.

हे पत्र त्या पत्रांसारखं नाही. यात सांगायचं काही नाही. बसून राहवत नाही म्हणून लिहितो आहे.

अकनझर


खोरोग, १४ एप्रिल

सवसन,

आपण बोललो ते तुला ठाऊक आहे. तरी लिहून काढतो, कारण फोन ठेवल्यावर मला वाटलं की मी ते मनानंच ऐकलं असेल.

मी गाळ्यावर होतो. फोन वाजला, आईचा नंबर. मी विचारलं, जेवलीस का, डोळ्यांत औषध घातलंस का, आणि तिकडून "दोद" ऐकू आलं. सहा वर्षांत मला कोणी बाप म्हणून हाक मारलेली नाही. हातातली गुंडी घरंगळत रस्त्यापार गेली, अजून आणायची आहे.

तू म्हणालीस, मुलगी झाली. मी काय बोललो आठवत नाही. मग म्हणालीस, "तुमच्या तागडीचं एक पारडं खाली गेलंय."

मी विचारलं, आपलं की गिऱ्हाइकाचं?

"आपलं."

मी म्हटलं, उसव मग.  तू हळू आवाजात, जशी तू लहानपणी शाळेचे गुण सांगताना बोलायचीस तशी, म्हणालीस, "बाळ झोपलंय त्यावर. उठली की बघू."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

मग मी मूर्खासारखं विचारलं, बाकीचं कसं वाटलं, बाकीचे तेवीस? तू हसलीस, आणि मागून आई हसली, आणि तिच्या हातात फोन गेल्याचं मला ऐकू आलं. तिनं सांगितलं: तेवीसच्या तेवीस तिच्या हातचे आहेत. मी रोज विणलं आणि मी गाळ्यावर गेलो की तिनं ते उसवून बाजूला ठेवलं आणि नव्या लोकरीनं परत विणलं. लाल उजव्या हातात, पांढरी डाव्या. चूक झालीच तर लालला व्हिनेगरचा वास येतो. माझा फक्त एक चौकोन पांघरुणात राहिला, तागडीचा.

मी म्हटलं, अगं पण तूच म्हणाली होतीस, सुया टाकल्या, दिसत नाही.

"दिसत नाही असं म्हटलं होतं. विणता येत नाही असं कधी म्हटलं?"

मी विचारलं, मग सहा महिने मला कशाला बसवलंस? ती म्हणाली, "तुम्ही मोजत होतात, मला नमुने आठवत होते. पाच तर मी पार विसरले होते." मग म्हणाली, "आणि भाव सोडून दुसरं काही तुमच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली होती."

आता हाजी सत्तोरची माफी परत मागायला लागेल, या वेळी मनातून. फोन ठेवता ठेवता मला सुचलं, विचारलं, माझे चौकोन उसवले त्यांची लोकर कुठं गेली?

आई म्हणाली, पायांकडे बघा.

बघितले. गाळ्याबाहेर उन्हात जाऊन बघितले. आपल्याच हंड्यातला लाल आहे. हे मोजे मी साडेचार महिने रोज घातले.

तुझा बाप,
अकनझर